सतरा नंबरवरचं पाणी

माझं काम बोटांचं. पठारावर निघालेल्या प्रत्येकाचं बोट मी ऑक्सिमीटरच्या चिमट्यात धरते, आकडा वाचते आणि कागदावर लिहिते. अठ्ठ्याऐंशीच्या खाली आकडा आला की तो माणूस तळावरच राहतो, मग तो मोठा शास्त्रज्ञ असो की खानसामा. तळ एकोणतीसशे मीटरवर, दुर्बीण पाच हजारांवर, आणि मधे त्रेचाळीस किलोमीटरचा चढ. त्या चढाच्या फाटकाशी माझी खोली आहे. एकोणीस वर्षं मी तिथे बसते आणि एवढ्या वर्षांत मी एकदाच खोटा आकडा लिहिला. तो माझ्या सख्ख्या भावाचा होता.

लोक फसवायला बघतात, ते मला तोंडपाठ आहे. कुणी बसमध्येच दहा-बारा लांब श्वास घेऊन येतो, कुणी चहाच्या कपावर बोटं शेकून येतो, कुणी गप्पा मारून माझं लक्ष उडवायला बघतो. मी सगळ्यांना दोन मिनिटं गप्प बसवते आणि मगच चिमटा लावते. पण ही शिस्त बाहेरच्यांसाठी. गावच्या माणसांची गोष्ट वेगळी, असं आम्ही सगळेच धरून चालायचो. आम्ही इथे जन्मलो, आमच्या पणज्यांनी लोकरीच्या लामा जनावरांचे कळप दुर्बिणीपेक्षाही उंच चारले, आम्हाला कसली उंची बाधते! कागदावर एक रकाना आहे, 'गेल्या पंधरा दिवसांतला मुक्काम'. समुद्राकाठाहून आलेल्या माणसाने तळावर तीन रात्री काढल्याशिवाय वर जायचं नाही, त्यासाठी तो रकाना. गावच्या माणसाचा कागद आला की मी न विचारता तिथे 'इथेच' असं लिहून मोकळी व्हायची. सिलिंडरचंही तेच. बाहेरच्या माणसामागे गाडीत ऑक्सिजनचा एक सिलिंडर चढवायचा, आपली माणसं मोजायची नाहीत. हा नियम कुठे छापलेला नव्हता. आम्हीच तो पायंडा पाडला होता आणि आम्हाला त्याचा केवढा तोरा होता.

दवाखान्याचं काम शिकत होते तेव्हा, समुद्राकाठच्या अंतोफागास्ता शहरातल्या वर्गात, एका बाईंनी सांगितलं होतं, "डोंगरातला माणूस दोन-तीन आठवडे समुद्राकाठी राहून परत वर गेला, तर त्याला बाहेरच्यापेक्षा जास्त धोका. छातीत पाणी होतं. फुप्फुसं उंची विसरतात." आम्ही डोंगराकडच्या तिघी मागच्या बाकावर होतो. आम्ही फिदीफिदी हसलो. फुप्फुसं विसरतात म्हणे! पुढे परीक्षेत तो प्रश्न आला तेव्हा उत्तर बरोबर लिहिलं आणि विसरून गेलो.

त्या नोव्हेंबरात मार्लीस नावाच्या डॉक्टरबाई बेल्जियमहून आल्या होत्या. औषधवाल्या डॉक्टर नव्हेत, ताऱ्यांच्या. पन्नाशीच्या, उंच, उन्हाने नाक कायम सोललेलं. त्या एका कोवळ्या ताऱ्याच्या मागे लागल्या होत्या. त्याच्याभोवती धुळीची आणि वायूची एक चकती फिरते, तिच्यातून पुढे ग्रह व्हायचे आहेत. त्या चकतीत पाण्याची वाफ कुठवर आहे आणि कुठल्या रेषेपलीकडे तिचा बर्फ होतो, ते बाईंना बघायचं होतं. "कुठल्या ग्रहाला समुद्र मिळणार आणि कुठला कोरडा राहणार, ते त्या रेषेवर ठरतं," असं त्या जेवणाच्या टेबलावर सांगायच्या. अडचण एकच होती. तिकडच्या वाफेच्या लहरींचा जो सूर, तोच आपल्या आकाशातल्या वाफेचा. आपली वाफ मधे आली की तिकडची दिसत नाही. म्हणून आकाश इतकं कोरडं लागतं, की डोक्यावरची सगळी वाफ पिळून जमिनीवर पसरली तर अर्धा मिलिमीटरही भरू नये. आमच्या वाळवंटातसुद्धा असे दिवस मोजकेच. डिसेंबर लागला की बोलिव्हियाकडून ढग येतात आणि मार्चपर्यंत सगळा खेळ बंद.

बाई तिसऱ्या वर्षी आल्या होत्या. आधी दोनदा आकाश ओलं निघालं होतं आणि यानंतर त्यांना वेळ मिळणार नव्हता. त्यांच्या वाट्याच्या शेवटच्या सोमवारी सकाळी आकाश उघडलं. शून्य पूर्णांक तीन. कंट्रोल रूममध्ये गास्तोन, म्हणजे आमचा पाळीप्रमुख, खुर्चीतून उठून उभाच राहिला. आमची दुर्बीण म्हणजे पठारावर पसरलेल्या पांढऱ्या थाळ्या, अँटेना, आणि त्या सगळ्या 'कोरडं, कोरडं' म्हणत होत्या. प्रत्येक अँटेनावर आकाशातलं पाणी मोजायचं एक यंत्र असतं, आम्ही त्याला बाष्पमापक म्हणतो. फक्त सतरा नंबरचा बाष्पमापक सांगत होता, माझ्या डोक्यावर तिप्पट पाणी आहे.

सतरा नंबर सगळ्यात लांबच्या टोकाला उभा असतो, एकटा. तो वगळला तर ताऱ्याभोवतीच्या चकतीचा आतला भाग धूसर होणार होता आणि बाईंना तर आतलंच बघायचं होतं. ते यंत्र उघडून नीट करणारा माणूस एकच होता, माझा भाऊ एर्मिंदो. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे.

एर्मिंदो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. गावात ऑक्टोबरला कालवा साफ करतात तेव्हा पाण्याला बोलावायचं गाणं तोच म्हणायचा. आमच्या वडिलांकडून ते त्याच्याकडे आलं होतं. तळावर सगळे त्याला चिडवायचे, "उस्ताद, ढग आले ते तुझ्यामुळेच." तो म्हणायचा, "काय करू? वर्षातला एक दिवस पाण्याला हाका मारतो आणि उरलेले दिवस त्याला पुसत बसतो." गावातले म्हातारे त्याला उलटं बोलायचे, की तुमच्या त्या पांढऱ्या थाळ्या ढग हाकलतात, म्हणून कालवा आटलाय. दोन्हीकडची बोलणी खाऊन तो हसायचा. त्याच्या नाकावर राग कधी बसलाच नाही, तो सगळा माझ्या वाट्याला आला.

मात्र तो गेले तीन-साडेतीन आठवडे इथे नव्हता. त्याची मुलगी यास्ना अंतोफागास्ताला राहते, समुद्रापासून दोन गल्ल्यांवर. तिला पहिला मुलगा झाला म्हणून एर्मिंदो चोवीस दिवस तिच्याकडे राहून आला होता. शनिवारी तो थेट गावात चढला आणि रविवारी कालव्याची दरड कोसळली ती उपसायला दिवसभर फावडं मारत होता. हे सगळं मला ठाऊक होतं. रविवारी रात्रीचं जेवण मीच वाढलं होतं त्याला, आणि तो खोकत होता.

सोमवारी नऊ वाजता तो माझ्या खोलीत आला.

"हे काय ध्यान!" मी म्हटलं. "आजोबा झालास आणि लगेच म्हातारा दिसायला लागलास?"

"नातवाने सर्दी दिलीय," तो खुर्चीत बसत म्हणाला. "बापाची नाही, आज्याची आठवण ठेवलीन. नेली, त्याची बोटं बघशील तर... एवढीएवढीशी. तुझ्या त्या चिमट्यात अख्खा हात जाईल."

"तुझं बोट दे आधी."

आकडा आला चौऱ्याऐंशी. मी चिमटा काढला, झटकला, दुसऱ्या बोटाला लावला. चौऱ्याऐंशी.

"हात गार पडलेत," तो म्हणाला. "आण इकडे चहा."

"दोन मिनिटं गप्प बस."

तेवढ्यात वॉकी-टॉकीवर गास्तोन ओरडायला लागला, "नेलिदा, उस्ताद निघाला का? आकाश किती वेळ टिकेल सांगता येत नाही! डॉक्टरबाई पण वर जाणार म्हणतायत, त्यांनाही घे, गाडी तूच ने!"

एर्मिंदो माझ्याकडे बघत होता. तो काही मागत नव्हता, हे मला स्पष्ट लिहायला हवं. तो म्हणाला, "नसेल जमत तर सांग. उद्या जाईन."

उद्या आकाश राहिलं नसतं. पण खरं कारण ते नव्हतंच. मी जर कागदावर चौऱ्याऐंशी लिहिलं असतं, तर तळावरच्या सगळ्यांना कळलं असतं की उस्तादला, आमच्या घरच्या माणसाला, उंची बाधली. गेल्याच महिन्यात एक जर्मन पोरगा फाटकात चक्कर येऊन पडला होता, तेव्हा मी केवढी हसले होते! मला लाज वाटली. लाजेपायी मी एक्क्याण्णव लिहिलं. मुक्कामाच्या रकान्यात 'इथेच' लिहिलं. सही केली.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं. चल, पळ, नाहीतर गास्तोनला झटका येईल."

गाडीत मी एक सिलिंडर चढवला. बाहेरचं माणूस एकच होतं ना.

रस्त्यात, साडेचार हजाराच्या वळणावर, दगडांचा एक ढीग आहे. आमच्यातलं कुणीही तिथे थांबल्याशिवाय पुढे जात नाही. जमिनीला आम्ही चघळतो त्या कोकाची चार पानं आणि दारूचे दोन थेंब द्यायचे आणि मग वर जायचं. चौदा वर्षांत एर्मिंदोने ते कधी चुकवलं नव्हतं. त्या दिवशी मी गाडी हळू केली तर त्याने हात हलवला.

"पानंच नाहीत. समुद्राकडून थेट आलो ना. तुझ्याकडे आहेत?"

"माझी संपली."

"मग उतरताना देतो. जमीन काही पळून जात नाही."

माझ्या मनात पाल चुकचुकली. पण मागे डॉक्टरबाई नाकाला नळी लावून बसल्या होत्या, त्यांच्याकडे माझं सगळं लक्ष. दर दहा मिनिटांनी मी त्यांना विचारत होते, डोकं दुखतं का, मळमळतं का, बोटांना मुंग्या येतात का. सिलिंडरची चावीही त्यांच्यासाठी सढळ हाताने सोडली होती. बाहेरून आलेलं माणूस आपल्या ताब्यात, काही व्हायला नको. शेजारी माझा भाऊ खिडकीला डोकं टेकून खोकत होता.

मागून बाई म्हणाल्या, "नेलिदा, त्यांचे ओठ निळे दिसतायत."

मी आरशात बघत हसले. "डॉक्टरबाई, आमचे ओठ असेच. जन्मभर कोका चघळून असे होतात."

"नाही, पण गेल्या वर्षी..."

"गेल्या वर्षी तुम्ही त्याला नीट पाहिलंच कुठे," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच. "तुम्ही तुमची नळी सांभाळा. आमची काळजी नका करू."

एर्मिंदोही हसला आणि त्या हसण्यातून पुन्हा खोकला आला. आरशात मला दिसत होतं, बाईंची नजर त्याच्या मानेवरून हलत नव्हती.

सतरा नंबरपाशी वारा असा होता की गाडीचं दार उघडायला दोन्ही हात लागले. ऊन लख्ख, आकाश जवळजवळ काळं, आणि थंडी उणे आठ. एवढं कोरडं की थुंकी जमिनीवर पडायच्या आत वाळावी. एर्मिंदोने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि तो शिडी चढायला लागला. सोळा पायऱ्या. एरवी तो शीळ घालत चढायचा. त्या दिवशी सहाव्या पायरीवर थांबला, दहाव्या पायरीवर थांबला, आणि तेराव्या पायरीवर कपाळ लोखंडाला टेकून इतका वेळ उभा राहिला की मी खालून हाक मारली.

"काय रे, झोप लागली का?"

"नातू रात्री जागवायचा," वरून आवाज आला. "झोप बाकी आहे."

मग तो आत गेला. मी बाईंना गाडीत बसवलं, त्यांचं बोट तपासलं. नव्वद. छान. वीस मिनिटांनी वॉकी-टॉकीवर त्याचा आवाज आला, दोन-दोन शब्दांचा.

"गास्तोन. सापडलं. यंत्राच्या. काचेवर. दहिवर गोठलंय. पातळ. सालीसारखं. पुसतो."

"पूस बाबा, पूस!"

आम्ही गाडीत थांबलो. बाईंनी दोन्ही हातांत वॉकी-टॉकी धरला होता. आणि मग कंट्रोल रूममध्ये एकदम आरडाओरडा झाला. "उतरला! सतराचा आकडा उतरला! शून्य पूर्णांक एकतीस! उस्ताद, तुझे हात चाटायला पाहिजेत! सुरू करतोय, डॉक्टरबाई, सुरू करतोय!"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि भावाला शाबासकी द्यायला खाली उतरले.

तो शिडीच्या तळाशी बसला होता. उतरला कधी, ते आम्हाला कळलंही नव्हतं. गुडघे पोटाशी, तोंडावर रुमाल. मला बघताच त्याने रुमाल मुठीत चुरगळला आणि खिशात घालायला लागला. लहानपणी चोरलेली साखर लपवायचा तसा.

"दाखव," मी म्हटलं.

"काही नाही."

"एर्मिंदो, दाखव!"

रुमालावर गुलाबी फेस होता.

मी त्याचं जाकीट वर केलं आणि पाठीला कान लावला. आत कुणीतरी मिठागरावरून चालत होतं. आमच्याकडच्या मिठाच्या पापडीवर पाऊल ठेवलं की जो चुरचुर आवाज होतो, तोच, प्रत्येक श्वासाला, दोन्ही बाजूंनी, वरपर्यंत. वर्गातल्या त्या बाई मला आठवल्या आणि आमचं हसणंही आठवलं. एवढ्या कोरड्या दिवशी, जिथे आकाशात थेंबभर पाणी नाही तिथे, माझ्या भावाची छाती पाण्याने भरत चालली होती.

वरच्या इमारतीत सिलिंडरचा साठा होता, पण ती उलट्या दिशेला, अकरा किलोमीटर. आणि या दुखण्यावर खरं औषध एकच, खाली उतरणं. मी त्याला ओढत गाडीकडे आणलं. मी काही बोलायच्या आत बाईंनी स्वतःच्या नाकातली नळी काढली आणि त्याच्या नाकाला लावली.

"डॉक्टरबाई, तुम्हाला..."

"मला नको. तुम्ही मागे त्यांच्यापाशी बसा. गाडी मी चालवते."

बाहेरच्या माणसाने पठारावर गाडी चालवायची नाही, हा मात्र छापलेला नियम होता. तो मोडला म्हणून मी आज त्यांच्या पाया पडेन. मी मागे बसले, त्याला उभं धरलं आणि सिलिंडरच्या काट्याकडे बघितलं. तांबड्या रेघेच्या जरासा वर. येताना मीच चावी सढळ सोडली होती. दुसरा सिलिंडर माझ्या खोलीत, दाराशेजारी, उभा होता. मला त्याचा निळा रंग डोळ्यांसमोर दिसत होता.

बाई चांगल्या चालवत होत्या. वळणांवर दगड उडत होते. एर्मिंदोचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि तो बोलायला बघत होता.

"गप्प राहा. श्वास घे."

"काच," तो म्हणाला, "पुसली. नीट."

"हो रे. नीट पुसलीस."

"आकडा. किती. होता? सकाळी?"

मी नळी त्याच्या नाकाशी घट्ट धरली. त्याला ठाऊक होतं, चिमटा त्याच्याच बोटाला होता. पण बहुधा त्याला माझ्या तोंडून ऐकायचं असावं. दगडांच्या ढिगापाशी आलो तेव्हा त्याने एक बोट उचललं, खिडकीकडे. सिलिंडरचा काटा तेव्हा शून्यावर टेकला होता. मी बाईंना थांबायला सांगितलं नाही. पुढच्या दोन वळणांत त्याचं अंग जड होत गेलं. मी त्याला आडवा केला, तोंडात फुंकर घातली, छाती दाबली, आणि माझ्या तोंडाला खारट पाणी लागलं.

तेवढ्यात पुढच्या सीटवर वॉकी-टॉकी ओरडला, "डॉक्टरबाई! दिसतेय! रेषा दिसतेय! स्वच्छ, एकदम स्वच्छ! ऐकताय ना?"

बाईंनी एका हाताने तो बंद केला. गाडी थांबवली नाही. तळ यायला अजून तीस किलोमीटर होते आणि ते सगळे आम्ही त्या शांततेत उतरलो.

चौकशी झाली. दोन माणसं राजधानीतून, सान्तियागोहून आली, माझ्या खोलीत बसली, कागद बघितला. मुक्काम, इथेच. ऑक्सिजन, एक्क्याण्णव. "म्हणजे निघताना ठणठणीत होते," एकजण म्हणाला. त्यांनी लिहिलं की हृदय अचानक बंद पडलं. गास्तोनने मला बाजूला घेतलं आणि माझा हात दाबला. "नेलिदा, तुझा कागद चोख होता म्हणून आपण सगळे वाचलो. नाहीतर दुर्बीणच बंद केली असती त्यांनी." मी मान हलवली. आठ दिवस मी तशीच मान हलवत होते. गावात कुणी विचारलं की म्हणायची, हृदय. आमच्या लोकांना तेच ऐकायचं होतं. उंचीने आमचा माणूस मरत नाही, हृदयाने मरतो.

आमच्यात नवव्या दिवशी गेलेल्याचे कपडे कालव्यावर धुतात. सगळं गाव जमतं. कालव्यात घोट्याएवढं पाणी होतं, तेही एर्मिंदोने दरड उपसली म्हणून आलेलं. डॉक्टरबाईही आल्या होत्या. त्यांनी बायकांबरोबर बाही वर करून त्याचं जाकीट घासलं आणि मला हळूच सांगितलं, "चाळीस मिनिटं आकाश टिकलं. ताऱ्याजवळ वाफ आहे, नेलिदा. आपल्या सगळ्या समुद्रांच्या कितीतरी पट. मला कुणाला सांगावंसंच वाटत नाही." मी पँटच्या खिशात हात घातला तर रुमाल लागला, कडक वाळलेला. मी तो पाण्यात धरला आणि पाणी जरासं तांबूस झालं.

यास्ना आमच्याकडच्या काटेरी चान्यारच्या झाडाखाली बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. ती निरोप मिळताच त्याच रात्री समुद्राकडून थेट वर आली होती, पाच आठवड्यांचं पोर घेऊन. मी तिच्याजवळ गेले.

"आत्या, मी आता इथेच राहीन म्हणते," ती म्हणाली. "बाबांच्या घरात. बाबांनी ह्याला इथे वाढवायचं ठरवलं होतं."

"बाळ गप्प गप्प का गं?"

"दोन दिवस नीट पीत नाहीये. जागा नवी ना. होईल सवय. आपलंच रक्त आहे, आपल्याला कुठे उंची बाधते?"

मी बाळाच्या तोंडावरचं दुपटं बाजूला केलं. नाकपुड्या फुलत होत्या, छातीच्या फासळ्यांखाली खड्डा पडत होता. ओठांकडे मी नीट बघितलं. कोका चघळायचं त्याचं वय नव्हतं.

चिमटा माझ्या खिशात कायम असतो. मी त्याचा पायाचा अंगठा त्यात धरला. मोठा होता चिमटा, पाऊल निम्मं आत गेलं. दोन मिनिटं मी हलले नाही.

"यास्ना, ह्याला आत्ता खाली न्यायचं. कालामाला, दवाखान्यात."

"आज? बाबांचा नववा आहे, आत्या! अजून कपडे वाळायचेत. उद्या नेऊ. सर्दीच आहे थोडी."

"एकोणऐंशी आहे."

"म्हणजे काय? बाबांचा एक्क्याण्णव होता, तरी ते..."

धुणं धुणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. गास्तोन पलीकडे माझ्याकडे बघत होता आणि हळूहळू मान नकारार्थी हलवत होता.

"चौऱ्याऐंशी होता," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "दोन्ही बोटांना चौऱ्याऐंशी. समुद्राकडून आला होता आणि मी 'इथेच' लिहिलं. त्याचं हृदय बंद पडलं नाही, त्याच्या छातीत पाणी झालं. मी त्याला वर जाऊ दिलं, यास्ना. ऊठ."

तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती उठली, बाळाला छातीशी धरलं आणि गाडीकडे चालायला लागली. बाई आधीच स्टिअरिंगमागे बसल्या होत्या. या वेळी तळावरून आलेल्या गाड्यांतले काढून मी आमच्या गाडीत चार सिलिंडर चढवले, माणशी एक, बाळही मोजून.

बाळाच्या नाकाशी नळी धरून मी मागे बसले, यास्नाच्या शेजारी. ती खिडकीबाहेर बघत होती. मी आकडा मोठ्याने वाचत होते, कारण तेवढंच माझ्या हातात होतं. ऐंशी. एकोणऐंशी. ऐंशी. त्र्याऐंशी. मिठागर मागे पडलं, रस्ता उताराला लागला. चौऱ्याऐंशी. तो आकडा तिथेच थांबला आणि मी चिमटा तळहाताखाली झाकला.

यास्नाने मान वळवली नाही. तिने फक्त बाळाचं पाऊल माझ्या हातात आणखी घट्ट दाबलं.

"वाचा, आत्या," ती म्हणाली. "असेल तोच वाचा."